अकरा वर्षांपूर्वी बंद केलेलं क्रेडिट कार्ड आणि आता वसुलीचे फोन. भरू की भांडू?

सातारचा_ठाणेकर

नमस्कार मंडळी. इथं बरीच वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

२०१२ साली पुण्यात नोकरीला होतो तेव्हा एका खासगी बँकेचं क्रेडिट कार्ड घेतलं. घेतलं म्हणजे कंपनीच्या कँटीनबाहेर टेबल टाकून बसलेल्या पोरानं गळ्यात मारलं. दोन वर्षं वापरलं, बिलं वेळेत भरली. मार्च २०१४ मध्ये ठाण्याला आलो तेव्हा शेवटचं बिल पूर्ण भरलं, कस्टमर केअरला फोन करून कार्ड बंद करायला सांगितलं आणि कात्रीनं कापून टाकलं. 'विनंती नोंदवली आहे' असा मेसेज आला होता. तो ज्या नोकियावर आला तो केव्हाच भंगारात गेला.

कार्ड बंद झालंच नव्हतं, हे मला आत्ता कळतंय. वार्षिक फी लागली, तिच्यावर लेट फी, वर मी कधीही न मागितलेला कसलातरी 'कार्ड सुरक्षा' विमा. बिलं पुण्याच्या भाड्याच्या खोलीवर जात राहिली असणार. २०१६ मध्ये बँकेनं खातं राइट-ऑफ केलं (म्हणजे वसूल होणार नाही असं धरून हिशेबातून काढलं) आणि नंतर कधीतरी एका कंपनीला विकलं. त्या कंपनीच्या वतीनं कुठली तरी एजन्सी महिन्याभरापासून मागे लागलीय. म्हणे ८७,३४० रुपये बाकी. सेटलमेंट १८,००० ला, 'आजच्या आज केलं तर १५'. भाजीवालासुद्धा इतका पटकन उतरत नाही.

सकाळी साडेसातला फोन, रात्री नऊला फोन. माझ्यापर्यंत ठीक होतं, पण २०१२ च्या अर्जावर रेफरन्स म्हणून आमच्या साताऱ्याच्या दाजींचा नंबर होता. दाजी एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेत. त्यांना रोज फोन, 'तुमचा मेहुणा फ्रॉड आहे.' परवा व्हॉट्सॲपवर अशोकस्तंभ छापलेला कागद आला, त्यावर 'अटक वॉरंट'.

सौ. म्हणते, पंधरा हजार तोंडावर फेक, झोप तरी लागेल. मला ते देणंच मान्य नाही. पण दिवाळीच्या आसपास गृहकर्जाला अर्ज करायचाय आणि सिबिलमध्ये, म्हणजे कर्जाचा इतिहास ठेवणाऱ्या कंपनीच्या रिपोर्टमध्ये, हे लटकतंय. शिवाय एजंट म्हणतो, 'सर, चांगुलपणा म्हणून ५०० रुपये टोकन टाका, मी वर बोलतो.' टाकू का? आणि लिहून द्यायचं तर काय लिहू?

रोखठोक

कटू वाटेल पण बोलतो. घेतलं असेल तर द्यावं. लोक कार्डं मजेत घासतात आणि मग कायद्याच्या पळवाटा शोधत बसतात. बँका म्हणजे काही अन्नछत्र नाही.

सातारचा_ठाणेकर

रोखठोक, वापरलेला पैन् पै भरलाय. हे न वापरल्याचं बिल आहे.

माजी_बकेटवाला

मी चार वर्षं ऐरोलीत वसुलीच्या कॉल सेंटरला होतो. तुमची फाईल समोर न बघता सांगतो काय चाललंय ते.

हप्ता चुकून किती दिवस झाले त्यावरून खात्यांच्या 'बकेट' पडतात. तुमचं खातं सगळ्या बकेटांच्या पलीकडचं, राइट-ऑफ पूलमधलं. पोराच्या हातात एक एक्सेल शीट असते. त्यात नाव, नंबर, रेफरन्सचा नंबर आणि रक्कम. बिलं नाहीत, अर्जाची प्रत नाही, तुम्ही २०१४ मध्ये काय म्हणालात ते तर नाहीच. 'वाद आहे' म्हणालात तर त्याला ते टाकायला रकानासुद्धा नसतो. त्याला रोज अमुक इतक्या 'पीटीपी' आणायच्या असतात. म्हणजे प्रॉमिस टू पे, अमुक तारखेला भरतो असं गिऱ्हाइकाचं तोंडचं वचन. ५०० रुपयांचं टोकन त्याच्यासाठीच. एकदा ५०० टाकलेला माणूस १५,००० पण टाकतो हे आमच्याकडं सगळ्यांना माहीत होतं.

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात फोन वाढतील. १ तारखेला शांतता. घाबरून जाऊ नका, आणि त्या पोरावर ओरडूही नका. ओरडणारा माणूस म्हणजे फोन उचलणारा माणूस, त्याचा नंबर यादीत वर जातो.

दिवसाचे_पाचशे

धागाकर्ते, तुम्ही तर मालामाल आहात! रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, कार्ड सात कामकाजाच्या दिवसांत बंद केलं नाही तर बँकेनं ग्राहकाला रोज ५०० रुपये द्यायचे. २०१४ पासून ४,००० दिवस धरा. २० लाख होतात. त्यांनाच नोटीस पाठवा.

काळा_कोट

दिवसाचे_पाचशे, नाव सार्थ केलंत. पण तो नियम १ जुलै २०२२ पासूनचा, आणि कार्डावर बाकी नसेल तरच. २०१४ ला मागे जाऊन लागू होत नाही. गृहकर्जाच्या डाउन पेमेंटमध्ये हे २० लाख धरू नका.

आता मुद्द्याचं. मी दिवाणी कोर्टात प्रॅक्टिस करते, तरी हे सर्वसाधारण बोलणं समजा, कागद बघितल्याशिवाय सल्ला देत नसते.

पैशाच्या वसुलीचा दावा लावायला मुदत कायदा १९६३ प्रमाणे तीन वर्षं असतात. तुमचा शेवटचा भरणा मार्च २०१४ चा. बँकेच्या बाजूनं ओढूनताणून राइट-ऑफचं २०१६ साल धरलं तरी मुदत २०१९ मध्येच संपली. कलम ३ म्हणतं की मुदतबाह्य दावा कोर्टानं फेटाळायचाच, प्रतिवादीनं मुद्दा काढो न काढो. खातं दहा वेळा विकलं गेलं तरी नव्या मालकाला जुन्यापेक्षा जास्त हक्क मिळत नाही, घड्याळ तेच राहतं.

पण यातून 'कर्ज संपलं' असा अर्थ काढू नका. मुदत गेली की कोर्टाचा दरवाजा बंद होतो, मागण्याचा हक्क उरतो. म्हणून ते फोन करू शकतात, आणि म्हणूनच ते फोनच करतायत, दावा लावत नाहीत.

टोकनबद्दल इंटरनेटवर सरसकट लिहिलेलं असतं, 'एक रुपया दिला तरी मुदत नव्यानं सुरू'. आपल्याकडं ते अर्धंच खरं आहे. कलम १८ ची लेखी कबुली आणि कलम १९ चा अंशतः भरणा, दोन्ही मुदत *चालू असताना* झाले तरच नवी तीन वर्षं मिळतात. मेलेली मुदत ५०० रुपयांनी उठून बसत नाही. तिला उठवतो तो करार कायदा १८७२, कलम २५(३). मुदतबाह्य कर्जसुद्धा 'मी देईन' असं लिहून सही केलीत तर तो नवा करार होतो, आणि त्यावर दावा चालतो. सेटलमेंटच्या फॉर्मात नेमकं हेच वाक्य असतं, बारीक अक्षरात. ईमेलवर 'पुढच्या महिन्यापासून हप्त्यानं भरतो' लिहिणंही मला धोक्याचं वाटतं. ते वचन होतं की नाही हे सिद्ध करत कोर्टात का बसायचं?

म्हणून आत्ता सगळ्यात जपायची ती तुमची सही. १५,००० नंतरची गोष्ट.

चिंतातुर_जंतू

काळा_कोट, माझं डिसेंबर २०१८ पासून थकलंय (खरंच वापरलेलं, धंदा बसला). म्हणजे डिसेंबर २०२१ ला मुदत संपली ना?

काळा_कोट

नाही. कोविडमुळं सर्वोच्च न्यायालयानं १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळलाय. १५ मार्च २०२० ला तुमचे साधारण २१ महिने उरले होते, ते १ मार्च २०२२ पासून पुढं मोजायचे. म्हणजे २०२३ च्या अखेरीपर्यंत आली. त्या दरम्यान कुठं काही लिहून दिलंत का, चार पैसे भरलेत का, ते आठवा. भरले असतील तर गणित पुन्हा बदलतं. आणि कोर्टाचं समन्स येऊन गेलंय का तेही बघा. लोक समन्स कुरिअरचा कागद समजून ड्रॉवरमध्ये टाकतात आणि एकतर्फी हुकूमनामा (कोर्टाचा वसुलीचा आदेश) होतो.

जर्सीचा_पाऊस

हा टोकनचा सल्ला बहुतेक आमच्याकडून तिकडं गेलाय. इथं अमेरिकेत बऱ्याच राज्यांत थोडा भरणा केला तरी घड्याळ नव्यानं सुरू होतं, न्यू जर्सीत कराराची मुदत तर सहा वर्षं. १९७७ च्या फेडरल कायद्यानं कलेक्टरला कर्जाचा तपशील लेखी द्यावा लागतो. तो मिळाल्यापासून ३० दिवसांत 'वाद आहे' असं लेखी कळवलं की पुरावा देईपर्यंत त्याला वसुली थांबवावी लागते. मी एका हॉस्पिटलच्या बिलासाठी असं पत्र टाकलं, पुन्हा फोन आला नाही. तिकडं असं काही आहे का?

काळा_कोट

३० दिवसांत पुरावा नाहीतर वसुली बंद, असा कायदा आपल्याकडं नाही. म्हणून अमेरिकन नमुनापत्र जसंच्या तसं भाषांतर करून पाठवणाऱ्यांची पत्रं हास्यास्पद होतात. एकानं तर त्यांच्या फेडरल कायद्याचं कलम टाकून अंधेरीच्या कंपनीला नोटीस दिली होती.

आपल्याकडं आधार रिझर्व्ह बँकेच्या सूचनांचा. १२ ऑगस्ट २०२२ चं परिपत्रक बघा. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचा फोन नाही, धमकी नाही, चारचौघांत अपमान नाही, नातेवाइकांच्या आणि रेफरन्सवाल्यांच्या खासगीपणात घुसायचं नाही. दाजींना केलेला प्रत्येक फोन यात बसतो. खाती विकत घेणाऱ्या कंपन्याही त्यात येतात. घरी माणूस आला तर त्याच्याकडं ओळखपत्र, अधिकारपत्र आणि नोटिशीची प्रत हवी.

वॉरंटबद्दल. क्रेडिट कार्ड न भरणं हा दिवाणी मामला आहे. आधी दावा, मग समन्स. व्हॉट्सॲपवर एजंट वॉरंट पाठवत नसतो. कागदावर केस नंबर असेल तर ई-कोर्ट्सच्या साइटवर तपासा, नाव टाकूनही शोधता येतं. लोकअदालतीची नोटीस मात्र खरी असू शकते. तिथं तुमच्या संमतीशिवाय काही ठरत नाही, पण तडजोडीवर सही केलीत तर तो हुकूमनामाच, आणि त्यावर अपील नाही.

खतावणी

अवांतर करतो. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकरी सावकारांच्या पेढ्यांवर चालून गेले, तेव्हा त्यांना मुख्यतः हवे होते ते कर्जरोखे. कागद मिळाला तिथं तो जाळला आणि परत फिरले. त्यातूनच पुढं १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा आला. आणि आज दीडशे वर्षांनी आपला ठाणेकर 'कागद दाखवा' म्हणतोय आणि सावकाराकडं कागदच नाही!

शिवाय आपल्याकडं दामदुपट होतीच. व्याज मुद्दलापेक्षा जास्त मागायचं नाही, मुंबई इलाख्यात कोर्टं हे मानत आली. वार्षिक फी हजाराच्या आसपास असेल तर ८७,३४० कुठल्या शास्त्रात बसतं?

काळा_कोट

खतावणीकाका, दामदुपट मलाही आवडते, पण बँकेच्या व्याजाला 'फार जास्त आहे' म्हणून कोर्ट हात लावत नाही. बँकिंग रेग्युलेशन कायद्यात त्यासाठी २१अ कलम घालून ठेवलंय.

नलूमावशी

मी विचारू का? विषय जरा वेगळा आहे. आमचे हे तीन वर्षांपूर्वी गेले. तेराव्याच्या दिवशी मांडवात असताना फोन आला, कार्डाचे ६२,००० बाकी आहेत, बायको म्हणून तुम्हाला भरावे लागतील, नाहीतर पेन्शन अडकेल. मुलगा बंगळुरूला. मी एफडी मोडून ४०,००० भरले आणि उरलेले सोडा म्हणून हात जोडले. आता पुन्हा दुसऱ्याच कुणाचा फोन, २२,००० च्या वर व्याज म्हणून. मी भरायला हवे होते का?

काळा_कोट

मावशी, वाईट वाटलं वाचून. गेलेल्या माणसाचं कर्ज त्यानं मागं ठेवलेल्या मालमत्तेतून वसूल होतं, तेवढ्यापुरतंच. वारस स्वतःच्या पैशातून देणं लागत नाही, बायको म्हणून नाही, मुलगा म्हणून नाही. मुलानं बापाचं कर्ज फेडणं हे धर्मकर्तव्य, असं हिंदू कायदा एके काळी मानायचा. २००५ च्या दुरुस्तीनं त्यापुढच्या कर्जांसाठी तेही काढून टाकलं. पेन्शन अडकेल ही शुद्ध थाप.

आधी एक सांगा, ती एफडी कुणाच्या नावावर होती? आणि तुम्ही कुठं जामीन किंवा सहअर्जदार म्हणून सही केली होती का?

नलूमावशी

माझ्याच नावावर. मी बालवाडी चालवायचे, त्यातली. सही कुठेच नाही.

काळा_कोट

मग तुमचं देणं नव्हतंच. भरलेले ४०,००० परत मिळवणं अवघड आहे, खोटी आशा दाखवत नाही. पण धमकी देऊन घेतलेत म्हणून बँकेकडं तक्रार जरूर करा, पावती जोडून. नव्या माणसाला एकच वाक्य: 'ते वारले, मी कर्जदार नाही, जे असेल ते लेखी पाठवा.' आणि फोन ठेवा. एकही रुपया नको. मृत्यूचा दाखला बँकेला ईमेलवर पाठवून पोच ठेवा.

रोखठोक

नलूमावशी, मुलाचा नंबर लागत नसेल तर मला मेसेज करा. तक्रार मी टाईप करून देतो. (ठाणेकर, वर जरा तडकून बोललो.)

सातारचा_ठाणेकर

काळा_कोट, पत्राचा नमुना मिळेल का? मराठीत चालेल?

काळा_कोट

मराठीत चालतं. पत्ता कंपनीचा टाका, एजन्सीचा नव्हे, आणि एक प्रत मूळ बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला. स्पीड पोस्टनं, शिवाय ईमेल.

'आपल्या वतीनं येणाऱ्या फोनवर अमुक शेवटच्या चार आकड्यांच्या कार्डापोटी ८७,३४० रुपयांची मागणी होत आहे. सदर रक्कम मी देणं लागतो हे मला मान्य नाही. कार्डाची संपूर्ण बाकी मार्च २०१४ मध्ये भरून कार्ड बंद करण्याची विनंती मी केली होती. त्यानंतर मी कोणताही व्यवहार केलेला नाही व कोणताही विमा मागितलेला नाही. मागणीस आधार म्हणून माझ्या सहीचा अर्ज, मार्च २०१४ नंतरची सर्व बिलं, विम्यासाठी मी दिलेली संमती आणि हे खातं आपल्याकडं हस्तांतरित झाल्याचा दस्त यांच्या प्रती पाठवाव्यात. मागणी मुदतबाह्यही आहे. हे पत्र माझे सर्व हक्क अबाधित ठेवून लिहिलं असून यातील कोणताही मजकूर कर्जाची कबुली वा पैसे देण्याचं वचन नाही. यापुढील संपर्क लेखी करावा. माझ्या नातेवाइकांना पुढील तारखांना केलेले फोन तत्काळ थांबवावेत.'

खाली फोनच्या तारखा, वेळा, नंबर. एवढंच. 'मी प्रामाणिक माणूस आहे', 'सध्या अडचण आहे', 'थोडी सूट द्या' यातलं काही नको. अडचण आहे म्हटलं की देणं आहे असंच वाचलं जातं.

माजी_बकेटवाला

+१. आणि फोनवर वाद घालू नका. 'लेखी पाठवा, माझा ईमेल घ्या' एवढंच, प्रत्येक वेळी त्याच शब्दांत. पीटीपी न देणारा, न चिडणारा माणूस म्हणजे पोराचा वेळ वाया. कुणाच्या खासगी यूपीआयवर तर कधीच पैसे टाकू नका, आमच्या काळात दोघं त्यातच पकडले गेले.

सातारचा_ठाणेकर

*अपडेट, पंधरा दिवसांनी.* पत्र पोचलं. तिसऱ्या दिवशी एजन्सीच्या सुपरवायझरचा फोन, आवाज एकदम मऊ. 'सर, वकील कशाला, आपण बसून बोलू, ९,००० करा.' मी म्हटलं लेखी पाठवा. त्यानंतर मला फोन नाही. कंपनीकडून कागद काही आलेला नाही.

दाजींची वेगळीच तऱ्हा. त्यांना फोन चालूच होते आणि ते म्हणे रोज उचलत होते. एजंट मूळचा कोरेगावचा निघाला. दाजींनी त्याला कोरेगाव डेपोच्या गाड्यांची जुनी टायमिंगं, त्याच्या चुलत्याचं गाव, सगळं विचारून झालं. शेवटी त्या पोरानंच यांचा नंबर काढायला लावला.

सिबिलचं काय करू?

काळा_कोट

ती लढाई बँकेशी. सिबिलच्या साइटवर डिस्प्युट टाका, ते बँकेला विचारतात. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर त्यापुढं दिवसाला १०० रुपये भरपाई, हा नियम एप्रिल २०२४ पासून आहे (हे पाहा, दिवसाचे_पाचशे, तुमच्यासाठी थोडं तरी). एक्स्पेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हायमार्क या सिबिलसारख्याच कंपन्यांचे रिपोर्टही काढा, चारही जण वर्षाला एक फुकट देतात. 'सात वर्षांनी आपोआप निघून जातं' यावर विसंबू नका. सात वर्षं ही माहिती ठेवण्याची किमान मुदत आहे, पुसण्याची नव्हे.

आणि १५,००० भरून सेटल केलं असतंत तर रिपोर्टवर 'सेटल्ड' आलं असतं, म्हणजे पूर्ण न भरता तडजोड केली असं. गृहकर्जवाल्याला तेही खुपतं.

बँकेनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा पटेलसं दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं ऑनलाइन तक्रार करता येते. फी नाही, वकील लागत नाही.

सातारचा_ठाणेकर

*अपडेट, अडीच महिन्यांनी.* सिबिलचा पहिला डिस्प्युट फेटाळला, 'बँकेनं माहिती बरोबर असल्याचं कळवलं.' त्या रात्री सौ. पुन्हा पंधरा हजारांवर आली आणि खरं सांगतो, मीही आलो होतो.

बँकेचं उत्तर पस्तिसाव्या दिवशी आलं: रेकॉर्ड जुनं असल्यानं तपशील उपलब्ध नाही, बाकी मात्र कायम आहे! हेच उत्तर जोडून लोकपालाकडं तक्रार टाकली, की तपशील नाही तर बाकी कशावरून? पाच आठवड्यांनी बँकेच्या नोडल ऑफिसमधून एका बाईंचा फोन आला, चांगल्या बोलल्या. विम्याची संमती सापडत नाही, २०१४ नंतर खरेदीचा एकही व्यवहार दिसत नाही. 'सदिच्छा म्हणून' सगळे आकार मागे घेत आहोत, खातं शून्य करून चारही कंपन्यांना कळवतो. चूक झाली हा शब्द पत्रात कुठं नाही. मी दोनदा शोधला.

काल सिबिल बघितलं. बाकी शून्य, खातं बंद. एक्स्पेरियनवर अजून जुनंच दिसतंय, तिथं डिस्प्युट टाकलाय.

नलूमावशी

अभिनंदन. माझी तक्रार रोखठोक यांनी लिहून दिली. फोन थांबलेत. पैशाचं उत्तर अजून नाही.

माजी_बकेटवाला

मस्त. दाजींना कळवलं का?

सातारचा_ठाणेकर

कळवलं. म्हणाले, 'बरं झालं. पण त्या पोराला फोन लाव एकदा, त्याच्या चुलत्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, काय झालं कळलंच नाही.'